पेशीपासून पेशीपर्यंत : एचआयव्हीच्या आतल्या प्रवासाची प्रस्तावना

एचआयव्ही एका माणसाकडून दुसऱ्याकडे हात लावल्याने जात नाही. शरीराच्या आत मात्र एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे तो बऱ्याच अंशी स्पर्शानेच जातो. ही दोन विधानं एकमेकांना छेद देणारी वाटतील, पण दोन्हींमागचं कारण एकच आहे. हा विषाणू दिसेल त्या पेशीला चिकटू शकत नाही. ठरावीक प्रथिनं अंगावर असलेली पेशीच त्याला लागते. अशा पेशी आपल्या प्रतिकारशक्तीच्या कामात असतात आणि एकमेकींना भेटल्याशिवाय त्यांचं काम होत नाही. पुढच्या पानांमध्ये जे काही सांगितलं आहे, ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

करजगी आणि आसपासच्या गावांतले वाचक डोळ्यांपुढे ठेवून हे लेखन झालं आहे. करजगी कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफजलपूर तालुक्यात येतं. दत्ताचं गाणगापूर याच तालुक्यात आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा रस्ता पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पलीकडे अक्कलकोट आणि सोलापूर, वर बिदर जिल्ह्यात बसवकल्याण, भालकी, औराद. या पट्ट्यात घरातली भाषा एक, बाजारातली दुसरी आणि कचेरीतली तिसरी असते. मोठ्या दुखण्याला कुणी कलबुर्गीला जातो, कुणी सोलापूरला. कामाला माणसं पुणे, मुंबई, हैदराबादपर्यंत जातात, ऊसतोडीला जातात, परत येतात. सरकारी माहितीपत्रकं कधी कन्नडमध्ये हातात पडतात, कधी मराठीत. त्यात काय करावं, काय करू नये हे लिहिलेलं असतं आणि ते बरोबरच असतं. पण ‘का’ हे सांगायला त्या एका पानात जागा नसते. कारण कळलं नाही की सूचना पाठ होते, विश्वास बसत नाही. म्हणून एकत्र जेवल्याने एचआयव्ही होत नाही असं म्हणणाराही घरातल्या रुग्णाचं ताट वेगळं ठेवतो. माणसाला अडाणी म्हणून हे सुटणार नाही. त्याला आतली गोष्ट पूर्ण सांगितली पाहिजे, आणि ती त्याला कळते, हा माझा ठाम विश्वास आहे.

आपल्या देशात या विषाणूचा पहिला पुरावा १९८६ साली चेन्नईत सापडला. डॉ. सुनीती सॉलोमन या तिथल्या मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होत्या. त्यांचं माहेरचं आडनाव गायतोंडे, चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबातल्या भावंडांत त्या एकट्याच मुलगी. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि तपासणी वेल्लोरला झाली. सहा नमुन्यांत एचआयव्हीची लागण दिसली. हा रोग परदेशातला आहे, इथे येणार नाही, असं म्हणणाऱ्यांचा तो काळ होता. डॉ. सॉलोमन यांनी पुढे वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं आणि २०१५ साली निधन होईपर्यंत त्या हेच काम करत राहिल्या. १९९२ साली पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. ‘नारी’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. आपल्या भागात हा विषाणू कसा वागतो याचं बरंचसं ज्ञान या संस्थेच्या दवाखान्यांतून आलं आहे आणि ते आपल्याच माणसांच्या रक्तातून मिळालेलं ज्ञान आहे.

आता विषाणूकडे वळू. एक एचआयव्ही कण साधारण शंभर ते सव्वाशे नॅनोमीटर रुंद असतो. असे आठ-दहा हजार कण एका ओळीत मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. त्यात आरएनएचे, म्हणजे त्याची जनुकं वाहणाऱ्या रेणूचे, दोन धागे असतात, जनुकं अवघी नऊ. स्वतः खाणं, वाढणं, दोनाचे चार होणं यातलं काहीही त्याला जमत नाही. जिवंत पेशीच्या आत शिरून तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती तयार करून घेतल्या तरच त्याचा वंश चालतो. शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात, पाण्यात, भांड्यावर तो टिकाव धरत नाही.

या कणाच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर असे काटे शेकड्यांनी असतात, एचआयव्हीवर सरासरी चौदाच्या आसपास. प्रत्येक काट्याचे दोन भाग आहेत. बाहेरच्या भागाला जीपी-१२० म्हणतात आणि विषाणूच्या आवरणात रुतलेल्या भागाला जीपी-४१. चिकटण्याचं काम बाहेरचा भाग करतो, आत शिरण्याचं काम आतला.

जीपी-१२० कशाला चिकटतो, याचा शोध १९८४ साली लंडन आणि पॅरिसमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे लावला. आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि लुक माँतान्ये यांनी हा विषाणू वेगळा काढला होता. चिकटण्याची जागा निघाली सीडी-४ नावाचं प्रथिन. प्रतिकारशक्तीतल्या ज्या पांढऱ्या पेशी इतर पेशींना कामाला लावतात, त्या सहाय्यक टी-पेशींच्या अंगावर हे प्रथिन असतं. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, रुग्ण एकमेकांना ‘तुझा सीडीफोर किती आला?’ असं विचारतात, तो आकडा याच पेशींचा. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण पाचशे ते दीड हजार असतात. आकडा दोनशेच्या खाली गेला की क्षयासारखे आजार डोकं वर काढतात. आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या माणसाचा जीव बहुतेक वेळा क्षयानेच घेतला आहे.

पण नुसतं सीडी-४ पुरत नाही. आणखी काय लागतं, हे कळायला पुढे बारा वर्षं लागली. मानवी सीडी-४ उंदराच्या पेशीवर बसवलं तरी विषाणू त्या पेशीला चिकटून बाहेरच राही, आत जाऊ शकत नसे. मानवी पेशीवर आणखी काहीतरी असलं पाहिजे, हे उघड होतं. १९९६ साली अमेरिकेत एडवर्ड बर्गर यांच्या गटाने ते शोधून काढलं. त्याला आता सीएक्ससीआर-४ म्हणतात. त्यानंतर काही आठवड्यांतच वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दुसरं प्रथिन दाखवून दिलं, ते सीसीआर-५. प्रत्यक्षात घडतं ते असं. जीपी-१२० आधी सीडी-४ला धरतं. धरताच त्याचा आकार बदलतो आणि आत झाकलेला एक भाग उघडा पडतो. तो भाग सीसीआर-५ला जाऊन लागतो. ही दुसरी पकड बसली की जीपी-४१ उलगडून पेशीच्या आवरणात घुसतं, मग स्वतःवरच दुमडतं आणि विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणापर्यंत ओढून आणतं. दोन्ही आवरणं एक होतात आणि विषाणूचा गाभा आत उतरतो. या साखळीतली एक कडी जरी जुळली नाही, तर लागण होत नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा काही माणसांच्या जन्मजात रचनेतच सापडला. युरोपीय वंशाच्या थोड्या लोकांत सीसीआर-५च्या जनुकाचा बत्तीस अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. आई आणि वडील दोघांकडूनही असं जनुक आलं तर पेशीवर सीसीआर-५ येतच नाही, आणि अशा माणसांना एचआयव्हीची लागण सहसा होत नाही. टिमथी रे ब्राउन या रुग्णाला रक्ताचा कर्करोगही होता. २००७ साली बर्लिनमध्ये त्यांना असं जनुक असलेल्या दात्याच्या मूळपेशी दिल्या गेल्या, आणि एचआयव्हीतून बरा झालेला जगातला पहिला माणूस म्हणून त्यांची नोंद झाली. आपल्याकडे हे जनुक फार दुर्मीळ आहे आणि तो उपचार इतका जोखमीचा आहे की कर्करोग नसलेल्या माणसावर तो कुणी करणार नाही. तरीही चिकटण्याची जागा काढून घेतली तर विषाणू हतबल होतो, हे त्यातून सिद्ध झालं.

भारतात आढळणारा एचआयव्ही बहुतांशी ‘सी’ उपप्रकाराचा आहे. दक्षिण आफ्रिकेतही तोच आहे. हा उपप्रकार मुख्यतः सीसीआर-५ वापरतो आणि आजार पुढे गेला तरी सीएक्ससीआर-४कडे क्वचितच वळतो. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात उदयकुमार रंगा यांच्या गटाने या उपप्रकाराचा बारकाईने अभ्यास केला. विषाणूची जनुकं चालू करणाऱ्या भागात एनएफ-कॅपाबी नावाच्या प्रथिनासाठी बसायच्या जागा असतात. इतर बऱ्याच उपप्रकारांत त्या दोन असतात, ‘सी’मध्ये साधारण तीन, आणि भारतात चार जागा असलेले विषाणूही पुढे येताना दिसले. जागा जास्त, तेवढ्या प्रती जास्त जोमाने निघतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात देबाशिस मित्रा यांच्या गटाने दाखवलं की विषाणूचं नेफ नावाचं छोटं प्रथिन आपल्याच पेशीतल्या उष्माघात-प्रथिनाला, एचएसपी-४०ला, हाताशी धरून ही वाढ करून घेतं. म्हणजे पेशीने स्वतःच्या रक्षणासाठी ठेवलेलं प्रथिनही विषाणूच्या कामी येतं.

मुंबईतल्या परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत आत्माराम बांदिवडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक प्रश्न हाती घेतला. योनीमार्गाच्या अस्तराच्या पेशी आणि शुक्रजंतू यांना विषाणू कसा चिकटत असेल? सीडी-४च्या मदतीशिवाय जीपी-१२० तिथल्या मॅनोज रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला जाऊन धरतं, असं त्यांना दिसलं. अस्तराच्या पेशीवर ही पकड बसली की ती पेशी आजूबाजूची ऊती सैल करणारी विकरं सोडते, असंही त्यांनी २०११ साली मांडलं. लागणीची पहिली पायरी कुठे पडते हे कळल्याशिवाय ती अडवायची कशी, हा विचार त्या कामामागे होता. परळसारख्या ठिकाणी, आपल्याच माणसांनी, स्त्रीच्या शरीराचा प्रश्न मध्यभागी ठेवून हे संशोधन केलं, याचं मोल मला फार वाटतं.

कारण आपल्या भागात या रोगाची सर्वांत अन्यायाची झळ घरातल्या बाईला बसली. ‘नारी’चे डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांतली माहिती प्रसिद्ध केली. तिथे आलेल्या, पण देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण होती. त्यातल्या बहुतेक विवाहित होत्या आणि नवऱ्याखेरीज त्यांचा कुणाशी संबंध आलेला नव्हता. याला पेशींच्या पातळीवरही एक कारण आहे. जननेंद्रियावर जखम किंवा फोड असला की ती बरी करायला शरीर तिथे पांढऱ्या पेशी पाठवतं, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच पेशींच्या अंगावर सीडी-४ आणि सीसीआर-५ दोन्ही असतात. ज्या पेशी मदतीला येतात, त्यांनाच विषाणू धरतो. म्हणून गुप्तरोगावर वेळीच उपचार करणं हा एचआयव्ही टाळण्याचाही एक मार्ग आहे. बाईने लाजेपोटी अंगावर काढलेलं दुखणं किती महागात पडतं, हे या आकड्यामागे लपलेलं आहे.

तरीही पहिली पायरी विषाणूला सोपी नसते. लैंगिक संबंधातून झालेल्या बहुतेक लागणींचा माग काढला तर रक्तातले सगळे विषाणू एकाच पूर्वजाची संतती निघतात. जोडीदाराच्या शरीरात असंख्य विषाणू असतात, त्यातला बहुधा एकच पुढच्या माणसात तग धरतो. अशा एका विषाणूपासून काही आठवड्यांत रक्ताच्या थेंबाथेंबात विषाणू कसे होतात?

पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ती सुजलेली गाठ म्हणजे लसिका ग्रंथी. शरीरातल्या एकूण लसिकापेशींपैकी, म्हणजे टी-पेशींसारख्या पांढऱ्या पेशींपैकी, कोणत्याही क्षणी जेमतेम दोन टक्के रक्तात असतात. बाकीच्या या ग्रंथींत, प्लीहेत आणि आतड्याच्या अस्तरात असतात. करजगीच्या आठवडी बाजाराला आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं येतात, खेटून उभी राहतात, बातम्या सांगतात आणि पांगतात. ग्रंथीत पेशींचं तसंच चालतं. कातडीत किंवा आतड्यात गस्त घालणाऱ्या डेंड्रायटिक पेशी सापडलेल्या जंतूचे तुकडे घेऊन ग्रंथीत येतात आणि ते टी-पेशींना दाखवतात. टी-पेशी एकेका डेंड्रायटिक पेशीला चिकटून ते तपासते. ओळख पटली तर तिथून लढाई सुरू होते. हा स्पर्श झाला नाही तर आपण साध्या सर्दीनेही मरू.

एचआयव्ही याच स्पर्शाचा फायदा घेतो. डेंड्रायटिक पेशीला तो चिकटतो, पण बऱ्याचदा तिला फारशी लागण करत नाही. २००० साली नेदरलँड्समधल्या गटाने डीसी-साइन नावाचं एक प्रथिन दाखवलं, ज्याच्या आधाराने विषाणू या पेशीवर टिकून राहतो. २०१२ साली सिग्लेक-१ या दुसऱ्या प्रथिनाचं महत्त्व पुढे आलं. ही पेशी ग्रंथीत पोचली आणि टी-पेशी तिला येऊन चिकटली, की सगळे विषाणू नेमके त्या दोघींच्या सांध्यात जमतात आणि पलीकडे जातात. २००३ साली अमेरिकेतल्या थॉमस होप यांच्या गटाने जिवंत पेशींत ही हालचाल सूक्ष्मदर्शकातून पाहिली.

लागण झालेल्या टी-पेशीकडून निरोगी टी-पेशीकडे विषाणू जातो ती रीत आणखी थेट आहे. २००४ साली क्लेअर जॉली आणि क्वेंटिन सॅटेंटाऊ यांनी तिचं वर्णन केलं. लागण झालेल्या पेशीच्या अंगावर विषाणूचे जीपी-१२० काटे आधीच उगवलेले असतात, कारण नवे विषाणू तिच्याच आवरणातून बाहेर पडायचे असतात. शेजारून सीडी-४ असलेली निरोगी पेशी गेली की हे काटे तिला धरतात. मग दोन्ही पेशींवरची, एरवीही पेशींना एकत्र धरणारी एलएफए-१ आणि आयकॅम-१ ही प्रथिनं तो सांधा घट्ट करतात. लागण झालेल्या पेशीच्या आतला सांगाडा सांध्याच्या दिशेने वळतो, तयार होत असलेले विषाणू तिकडेच सरकतात आणि एकामागून एक पलीकडे जातात. शास्त्रज्ञ या सांध्याला विषाणूजन्य सांधा म्हणतात. २००९ साली न्यूयॉर्कच्या बेंजामिन चेन यांच्या गटाने विषाणूला हिरवा चकाकणारा रंग देऊन हा सगळा प्रकार चलचित्रात टिपला. हिरवे पुंजके एका पेशीतून दुसरीत जाताना त्यात दिसतात. पुस्तकातल्या कोणत्याही वर्णनापेक्षा ते पाहणं जास्त समजावून जातं.

रक्तात मोकळा तरंगणारा विषाणू योग्य पेशीला योगायोगाने धडकण्याची वाट पाहतो. वाटेत प्रतिपिंडं त्याला गाठू शकतात आणि काही तासांत तो निकामी होऊ शकतो. सांध्यातून जाणाऱ्याला यातलं काहीच सोसावं लागत नाही आणि एका भेटीत एकाऐवजी अनेक विषाणू पलीकडे पोचतात. प्रयोगशाळेतल्या मोजमापांत ही रीत मोकळ्या विषाणूपेक्षा कितीतरी पटींनी परिणामकारक ठरली आहे. काही प्रयोगांत हे प्रमाण शेकडो पटींवर गेलं. २०१२ साली थॉर्स्टन मेम्पेल यांच्या गटाने मानवी प्रतिकारपेशी बसवलेल्या उंदरांच्या ग्रंथींत लागण झालेल्या टी-पेशी फिरताना पाहिल्या. त्या पेशी ग्रंथीबाहेर पडू नयेत अशी व्यवस्था केल्यावर रक्तातले विषाणू कमी झाले. म्हणजे फिरती टी-पेशीच विषाणूला शरीरभर घेऊन जाते.

या आजारात पेशी मरतात कशा, याचं उत्तरही इथेच मिळतं. विषाणू पेशीत वाढतो आणि तिला फोडतो, असं बरीच वर्षं मानलं जाई. वॉर्नर ग्रीन यांच्या गटाने मानवी टॉन्सिल आणि प्लीहेच्या ऊतींवर काम करून २०१३ च्या अखेरीस दाखवलं की ग्रंथींत मरणाऱ्या बहुतेक सीडी-४ पेशींत विषाणूला वाढता आलेलंच नसतं. तो आत शिरतो, आपल्या आरएनएवरून डीएनए लिहायला लागतो आणि अर्ध्यातच अडकतो. तो अपुरा डीएनए ओळखून पेशी स्वतःला मारून टाकते. पण मरताना ती दाह करणारी रसायनं बाहेर सोडते, आणि ती रसायनं आणखी सीडी-४ पेशी तिथे बोलावतात. नव्या पेशी येतात, चिकटतात, मरतात. मूठभर पेशींत वाढणारा विषाणू सबंध प्रतिकारशक्ती कशी पोखरतो, याचा उलगडा या कामाने केला.

पेशीच्या आतला बाकीचा भाग पुस्तिकेत चित्रांसह आहे, इथे थोडक्यात सांगतो. विषाणूचा आरएनए डीएनएत बदलतो, तो डीएनए पेशीच्या स्वतःच्या जनुकांत कायमचा शिवला जातो आणि पेशी त्यावरून नवे विषाणू घडवू लागते. काही पेशी मात्र तो डीएनए पोटात ठेवून वर्षानुवर्षं गप्प राहतात. औषध त्यांच्यापर्यंत पोचून तो पुसू शकत नाही. गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात त्या याच पेशींमुळे.

आज आपल्या सरकारी एआरटी केंद्रांत बहुतेकांना रोज एक गोळी मिळते. तिच्यात टेनोफोविर, लॅमिवुडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं असतात. पहिली दोन आरएनएवरून डीएनए लिहू देत नाहीत, तिसरं तो डीएनए जनुकांत शिवू देत नाही. यातलं एकही औषध पेशींना एकमेकींना चिकटण्यापासून अडवत नाही. पेशी भेटतात, विषाणू पलीकडे जातो, पण तिथे त्याचं काम होत नाही. २०११ साली कॅलिफोर्नियात ॲलेक्स सिगल आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी एक प्रयोग केला. सांध्यातून एकदम अनेक विषाणू आत शिरतात तेव्हा एखाद्याच औषधाला ते सगळे थोपवता येत नाहीत, काही निसटतात, असं त्यात दिसलं. तीन औषधं एकत्र का, आणि गोळी एकही दिवस का चुकवायची नाही, याचं उत्तर या प्रयोगातही आहे. रक्तातलं औषधाचं प्रमाण खाली आलं की सांध्यातून जाणाऱ्या विषाणूला आधी संधी मिळते.

ही औषधं आपल्या हाती सहज आलेली नाहीत. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार साडेतीनशे डॉलरला देऊ केला, तेव्हा परदेशी कंपन्या त्यासाठी दहा हजार डॉलरच्या वर घेत होत्या. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत एआरटी सुरू केली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही होते. २०१७ पासून सीडीफोर कितीही असला तरी निदान होताच औषध सुरू करायचं, असं ठरलं. या निर्णयाला आधार देणाऱ्या अभ्यासात पुणे आणि चेन्नई ही केंद्रं होती. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष २०११ साली आला. जोडीदारांपैकी एकाला एचआयव्ही असेल आणि त्याने लवकर औषध सुरू केलं, तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. पुढच्या वर्षांत हे आणखी पक्कं झालं. नियमित औषधाने रक्तात विषाणू सापडेनासा झाला की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. गरोदर बाईने वेळेत औषध सुरू केलं तर मूलही बहुतेक वेळा निरोगी जन्मतं.

आता ताटाकडे परत येतो. धडधाकट कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तिथे सीडी-४ नाही, सीसीआर-५ नाही, जिवंत यंत्रणाही नाही. डासाच्या शरीरात या विषाणूला चालेल अशी पेशीच नसते आणि रक्ताबरोबर तो त्याच्या पोटात पचून जातो. रक्त, वीर्य, योनीतला किंवा गुदाशयातला स्राव आणि आईचं दूध एवढ्याच मार्गांनी पुरेसे विषाणू किंवा लागण झालेल्या पेशी दुसऱ्याच्या योग्य पेशींपर्यंत पोचू शकतात. हात धरल्याने, एका घागरीतलं पाणी प्यायल्याने, एका बाकावर बसल्याने ही साखळी सुरूच होत नाही. तरीही २००९च्या सुमारास लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात, रवी बापटले यांच्या सेवालयातल्या एचआयव्हीग्रस्त मुलांबरोबर आपली मुलं शाळेत बसवायला पालक तयार नव्हते. हासेगाव बिदरच्या सीमेपासून लांब नाही. पंढरपुरात मंगल शहा यांनी ‘पालवी’ सुरू केली तीही नातेवाइकांनी सोडून दिलेल्या अशाच लेकरांसाठी. या मुलांना विषाणूपेक्षा माणसांनी जास्त छळलं, असं मी विचारपूर्वक लिहितो. २०१७च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने आता शाळेत, नोकरीत, दवाखान्यात भेदभाव करायला मनाई केली आहे आणि एखाद्याची लागण त्याच्या संमतीशिवाय उघड करणंही गुन्हा ठरू शकतं. पण आपल्या घरात ताट कुठे ठेवायचं, हे कायदा ठरवू शकत नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

करजगीच्या वाचकांना शेवटी एवढीच विनंती. शंका असेल तर तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत असते आणि निकाल गुप्त ठेवला जातो. औषध चालू असेल तर ऊसतोडीला किंवा शहरात कामाला निघण्याआधी आपल्या एआरटी केंद्रात सांगा. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा दुसऱ्या केंद्रात बदली मागा, पण खंड पडू देऊ नका. घरात कुणाला लागण असेल तर त्याच्याबरोबर एका पंगतीत जेवा. काही विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक आहे, त्यावर फोन करायला पैसे लागत नाहीत.